चहा द्या, रस्ता दाखवू नका

नोकरीभर मी लोकांच्या तुटलेल्या बोटांवर जगले. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं आहे. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, कर्मचारी विभागात, अपघाताच्या नुकसानभरपाईचं टेबल माझ्याकडे होतं. तीस वर्षांत ते टेबल कोणी मागितलं नाही आणि मीही सोडलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक टर्नर आला. हात रुमालात गुंडाळलेला. म्हणाला, "बहनजी, देखेंगी?" मी मान वर न करता म्हटलं, "फॉर्म पे देखूँगी." त्या एका उत्तरावर माझी कडक बाई म्हणून ख्याती झाली. खरं म्हणजे रक्त बघितलं की मला चक्कर येते, हे मी निवृत्त होईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

बाहेरच्या माणसाला या कामात काय असतं ते सांगते. कायद्यात एक तक्ता आहे. हाताचा अंगठा गेला तर कमावण्याची ताकद इतके टक्के गेली, तर्जनी गेली तर इतके, पेरं गेलं तर त्याहून कमी. डोळा, कान, पाय, सगळ्यांना त्यात आपापली ओळ आहे. आमच्या कामगारांना हा तक्ता तोंडपाठ होता. एका वेल्डरचं पायाचं बोट गेलं तेव्हा त्याने हाताच्या बोटाचा दर मागणारा तीन पानी अर्ज दिला, कारण म्हणे तो सायकल चालवून कामावर येतो आणि सायकल पायाने चालते. अर्ज नामंजूर झाला, पण अक्षर इतकं सुरेख होतं की मी तो बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता.

अडचण यायची ती डोक्याची. मेंदूला त्या तक्त्यात सरळ ओळ नाही. माणूस डोक्यावर पडला, टाके सुटले, केस परत उगवले, एक्स-रे स्वच्छ आला, की बघणाऱ्याला तो धडधाकट दिसतो. आतलं चित्र काढायचं यंत्र तेव्हा आमच्या इस्पितळात नव्हतं. मग सगळं येऊन ठेपायचं मेडिकल बोर्डावर. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर, एक लांब टेबल, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेली मी. त्यांनी 'मेंदूला इजा' असे शब्द लिहिले तर पुढे सगळं होई: भरपाई, हलकं काम, पगार शाबूत, क्वार्टर शाबूत. ते शब्द आले नाहीत तर माणूस 'फिट' ठरायचा आणि परत मशीनवर जायचा. तिथे त्याचं काही चुकलं की तो आळशी किंवा कामचुकार.

या दोन शब्दांपायी मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. ती भालूभाऊंच्या बाबतीत.

भालचंद्र मोघे मूळचे उज्जैनचे. कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये, क्वार्टरांच्या आमच्याच ओळीत, आमच्यापासून सहा घरं सोडून राहायचे. कारखान्यात वाइंडिंग शॉपला होते. तिथे मोठाल्या मोटारींसाठी तांब्याच्या पट्टीची वेटोळी गुंडाळतात आणि प्रत्येक वेटोळ्यात किती फेरे हे ठरलेलं असतं. एक फेरा कमी पडला तर सगळं उकलून पुन्हा. भालूभाऊ गप्पा मारत, पान चघळत, मध्येच गणपती मंडळाच्या नाटकाचे संवाद म्हणत गुंडाळायचे आणि आकडा कधी चुकायचा नाही. एके दिवशी ते कामाच्या चौथऱ्यावरून मागच्या मागे पडले. हेल्मेट होतं, पण हनुवटीखालचा पट्टा लावलेला नव्हता. तो कोणीच लावत नसे, उकडतं म्हणून. चार दिवसांनी शुद्ध आली आणि बायकोकडे बघून पहिलं वाक्य म्हणाले, "कुसुम, नाटकाची प्रॅक्टिस किती वाजता आहे?" इस्पितळात त्या दिवशी पेढे वाटले.

महिन्याभरात ते हिंडू-फिरू लागले. हसणं, बोलणं, नकला, सगळं होतं तसं. फक्त घर सापडायचं नाही.

आमच्या टाऊनशिपमधली घरं तुम्ही पाहिली असतील तर तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही. पिवळ्या भिंती, हिरवी दारं, पुढे तेवढाच वाफा, आत डाव्या हाताला तेवढीच खोली. आम्हीसुद्धा नवीन असताना कधीमधी चुकायचो. भालूभाऊ मात्र रोज चुकायचे. संध्याकाळी फिरून परतताना जे दार उघडं दिसेल त्यात शिरायचे, चपला काढायचे, खुर्चीत बसायचे आणि आत हाक मारायचे, "कुसुम, चहा!" घरात जी कोणी बाई असेल ती मुकाट्याने आधण ठेवी. गंमत पुढेच आहे. ती चहा घेऊन बाहेर आली की भालूभाऊ तिला बरोबर ओळखायचे आणि उठून म्हणायचे, "अरे, तुम्ही कधी आलात? बसा ना!" आपल्याच घरात आपण पाहुणे. मीही कैकदा माझ्याच खुर्चीत अवघडून बसले आहे आणि त्यांनी मला माझीच शंकरपाळी आग्रहाने खाऊ घातली आहेत.

चहा झाला की घरातलं कोणीतरी म्हणे, "चला भालूभाऊ, मलाही त्याच बाजूला जायचंय." आणि त्यांना त्यांच्या दाराशी सोडून येई. ओळीत कधी बैठक झाली नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही, पण नियम ठरून गेला होता. समोरची प्रीतमकौर भाभी, कोपऱ्यावरचे घोषमास्तर, आम्ही, सगळे तो पाळत होतो. माणसाला त्याच्या तोंडावर "तुम्ही चुकलात" असं कोणी म्हणायचं नाही. आम्हाला याचा थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

बोर्डाची तारीख आली तेव्हा कुसुमवहिनी माझ्याकडे आल्या. ग्वाल्हेरची बाई, एरवी खणखणीत बोलणारी. त्या दिवशी पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

"ताई, बोर्डात काय विचारतात हो? यांना तर घबराहट होते आहे."

मी वर्षानुवर्षं त्या बोर्डाची टिपणं टाइप करत होते. अध्यक्ष डॉ. माथूर फार सज्जन, पण त्यांचे प्रश्न त्यांच्या टायसारखेच होते, कधी बदलायचे नाहीत. आज वार कोणता, तारीख काय, प्रधानमंत्री कोण, शंभरातून सात-सात वजा करत जा. मग तीन शब्द सांगायचे, आम, कुर्सी, रूमाल, आणि पाच मिनिटांनी ते परत विचारायचे. मी एका कागदावर सगळं लिहून दिलं. म्हटलं, "असं काहीबाही विचारतात. घाबरू नका."

त्याच वेळी मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. वहिनी, इथे पास होऊन चालत नाही. त्यांना जे येत नाही ते डॉक्टरांना दिसू द्या. पण समोर बसलेल्या बाईला, तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात बिघाड आहे हे चारचौघांत उघडं पडू दे, असं कोणत्या तोंडाने सांगणार? माझी जीभ रेटली नाही. चहा पाजला आणि पाठवून दिलं.

टाऊनशिपमध्ये प्रश्नपत्रिका हाती आल्यावर लोक काय करतात? शिकवणी लावतात! आमच्याकडे दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी कसल्या तरी परीक्षेची तयारी करत असायचं आणि त्या सगळ्यांचा एकच तारणहार म्हणजे घोषमास्तर, टाऊनशिपच्या शाळेतले गणिताचे. वहिनी कागद घेऊन थेट त्यांच्याकडे गेल्या. मास्तरांनी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ भालूभाऊंना घोटून घेतलं. येता-जाता त्यांच्या खिडकीतून आवाज यायचा, "तिरानवे, छियासी, उन्यासी, बहत्तर, पैंसठ!" बोर्ड गुरुवारी होतं, म्हणून "आज गुरुवार है" हेही शंभरदा. मला वाटायचं, बरं आहे, जीव रमतो आहे त्यांचा. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मेंदूची तपासणी खरं तर माझीच व्हायला हवी होती.

गुरुवारी भालूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बोर्डासमोर उभे राहिले आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन बाहेर आले. प्रधानमंत्र्यांच्या नावाला तर त्यांनी पुढे "माननीय" जोडलं. डॉ. माथूर खूश झाले. मी माझ्या हाताने टिपणात लिहिलं: 'फिट फॉर ड्यूटी.'

संध्याकाळी ओळीत जल्लोष! प्रीतमकौर भाभींनी कढईभर शिरा केला. घोषमास्तर निकाल लागलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांसारखे हात मागे बांधून फिरत होते. त्या सगळ्यांना वाटत होतं की बोर्डात नापास झालेला माणूस नोकरीतून जातो. मी शिऱ्याची बशी तशीच भाभींच्या कट्ट्यावर ठेवली आणि घरी आले.

पुढे व्हायचं तेच झालं. भालूभाऊ परत वाइंडिंगला गेले. पहिल्याच वेटोळ्यात फेरे चुकले. दुसऱ्यात जास्त झाले. तिसरं वेटोळं गुंडाळताना ते मध्येच थांबले आणि नुसते बघत राहिले. फोरमन वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यापुढे डॉक्टरांचा 'फिट' म्हणून कागद होता. त्याने 'कामात हलगर्जीपणा' असा मेमो दिला. मग दुसरा दिला. तिसऱ्या मेमोनंतर चौकशी, आणि त्या चौकशीतून कोणी नोकरी घेऊन परत आल्याचं माझ्या आठवणीत नाही. नोकरी गेली की तीन महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं. ज्याला सहा घरांत आपलं घर सापडत नाही, तो माणूस नव्या वस्तीत काय करणार?

भालूभाऊ माझ्या टेबलाशी आले ते दोन्ही मेमो घेऊन. हसत होते, पण हसू गालातच अडकलेलं. "ताई, मी तर पास झालो होतो ना? मग हे असं काय होऊन राहिलंय?"

मला रडू आलं. ऑफिसात, टेबलावर, पहिल्यांदाच. तिथल्या तिथे मी फेरतपासणीचा अर्ज टाइप केला आणि त्यांची सही घेतली.

दुसरं बोर्ड सोमवारी बसलं. डॉ. माथूरांनी विचारलं, "आज कौन सा दिन है, मोघे जी?"

"आज गुरुवार है," भालूभाऊ ठणकावून म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. शंभरातून सात वजा करायला सांगितलं. तिरानवे, छियासी, सगळं बरोबर. मग म्हणाले, "अच्छा, अब नब्बे में से चार घटाइए."

"तिरानवे, छियासी, उन्यासी..."

"ठीक है, ठीक है. अब मैं तीन शब्द बोलूँगा, याद रखिएगा."

"आम, कुर्सी, रूमाल," भालूभाऊ म्हणाले. डॉक्टरांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

बाकीचे दोन डॉक्टर हसले. माथूर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "यह तो रटाया हुआ है. किसने रटाया?"

भालूभाऊ कावरेबावरे झाले. मी वही मिटली आणि उभी राहिले. "सर, सवाल मैंने दिए थे."

इतक्या वर्षांत त्या खोलीत मी टिपणं घेण्यापलीकडे एक शब्द बोलले नव्हते. डॉक्टरांनी भालूभाऊंना बाहेर बसायला पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "राजवाडे जी, पिछली बार इनको सब आता था, इस बार कुछ नहीं आता. एक बार तो मुझे बेवकूफ़ बनाया गया है. कौन सी बार, यह मैं कैसे मानूँ?"

त्यांचं बरोबर होतं. भरपाई हवी म्हणून वेड पांघरणारे महाभाग मीही पाहिले होते. मग एकदम सुचलं ते बोलून गेले, "सर, आज शाम को आप इनके साथ इनके घर तक चलिए. बस पीछे-पीछे."

माथूरांनी पेनला टोपण लावलं. "चलूँगा. लेकिन कोई इनकी मदद नहीं करेगा."

जेवणाच्या सुट्टीत मी सायकल दामटत ओळीत आले आणि दारोदार फिरले. आज संध्याकाळी फाटकात कोणी उभं राहायचं नाही. हाक मारायची नाही. भालूभाऊ समोरून चुकीचे गेले तर जाऊ द्यायचं. घोषमास्तरांना आपल्या शिकवणीचं काय झालं ते सांगितलं, तर ते कॉटवर बसलेच. "हामने उसका नौकरी खा लिया?" एवढंच म्हणाले. त्यांना समजावायला दहा मिनिटं गेली आणि मी स्वतःला काय समजावणार होते?

प्रीतमकौर भाभी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ते बंदा मेरे घर आ गया तो? धक्का दे दूँ?"

"धक्का नाही हो. बसू द्या. फक्त घर दाखवायला जाऊ नका."

"और चाय?"

बोर्डाच्या नियमात चहाबद्दल काही नाही. म्हटलं, "चाय दे दीजिए. रास्ता मत दिखाइए."

सर्वांत अवघड घर शेवटी ठेवलं होतं. कुसुमवहिनींना म्हटलं, ते तुमच्या दारावरून पुढे गेले तरी तुम्ही बाहेर यायचं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही मला तेव्हाच सांगायचं होतं." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. जे पहिल्या बोर्डाआधी सांगायचं ते मी आता सगळं सांगितलं. उशिरा, पण सांगितलं.

संध्याकाळी सुट्टीचा हूटर झाला. भालूभाऊ कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले. मागे पन्नास पावलांवर डॉ. माथूर आणि मी. मोठ्या रस्त्याने ते झकास चालले, वाटेत दोघांना रामराम केला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग आमच्या ओळी सुरू झाल्या.

एरवी त्या वेळी ओळीत काय गजबज असते! वाफ्यांना पाणी चाललेलं, कोणी सायकल पुसतंय, कोणाचा रेडिओ लागलेला. त्या दिवशी सगळी दारं लोटलेली, पडदे ओढलेले. आणि प्रत्येक पडद्याची कड हलत होती. भालूभाऊ आपल्या घरावरून गेले. थांबले नाहीत. ओळीच्या टोकाला गेले, वळले, परत आले, पुन्हा आपल्याच दारावरून गेले. त्या पडद्यामागे वहिनी आहेत हे मला माहीत होतं. तिसऱ्यांदा ते मधोमध थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होते, पण घाबरलेला कधी पाहिला नव्हता. आम्ही रोज चहा पाजून, गप्पा मारून जे झाकत होतो ते हेच. त्यांच्यापासून झाकत होतो आणि आपल्या स्वतःपासूनही.

"कोणी आहे का?" ते म्हणाले. मोठ्याने नाही.

धाडकन एक दार उघडलं. प्रीतमकौर भाभी. हाताला कणीक, डोळ्यांतून पाणी. त्यांनी कबूल केल्याप्रमाणे तोंडातून शब्द काढला नाही. दार सताड उघडं टाकलं आणि आत निघून गेल्या. भालूभाऊंचा जीव भांड्यात पडला. भराभर पायऱ्या चढले, चपला काढल्या, खुर्चीत टेकले आणि हाक दिली, "कुसुम, चहा!"

डॉक्टर आणि मी मागोमाग आत गेलो. भालूभाऊ उठून उभे राहिले. "अरे डॉक्टरसाहब! आइए, आइए. ताई, तुम्हीही बसा ना." माथूर बसले. आतून तीन कप चहा आला. भाभींना बघून भालूभाऊ म्हणाले, "भाभीजी, आप कब आईं? बैठिए ना!" भाभी आपल्याच घरात स्टुलाच्या कडेला टेकल्या.

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. "मोघे जी, यह घर किसका है?"

"आपलंच आहे, साहेब. मेरा."

भिंतीवर भाभींच्या लग्नाचा भलामोठा फोटो होता. सरदारजी तलवार घेऊन, शेजारी भाभी. डॉक्टरांनी तिकडे बोट केलं. "और यह?"

भालूभाऊंनी फोटो न्याहाळला. बराच वेळ. कपाळावर आठी पडली, मग गेली. ते डॉक्टरांकडे वळून विश्वासात घेतल्यासारखे म्हणाले, "कुसुम ने लगाया होगा. उसको शौक़ है."

आधी भाभी फुटल्या. तोंडाला पदर लावला तरी हसू थांबेना. मग मी. मग चक्क माथूर, कपातला चहा सांडेपर्यंत. आणि हे काय चाललंय ते न कळताही भालूभाऊ आमच्याबरोबर हसत सुटले, कारण हसणाऱ्या माणसांत गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. डोळे पुसून डॉक्टरांनी खिशातून पॅड काढलं आणि भाभींच्या टेबलावर, चहाच्या डागाशेजारी, ते दोन शब्द लिहिले. मग स्वतः भालूभाऊंचा हात धरून त्यांना घरी सोडायला निघाले. आम्ही बाहेर येतो तो ओळीतली सगळी दारं उघडी! कुसुमवहिनी आपल्या दारात उभ्या होत्या. घोषमास्तर तर अनवाणीच धावत आले.

मेमो रद्द झाले, भरपाई मिळाली आणि भालूभाऊंना टाऊनशिपच्या रोपवाटिकेत काम मिळालं. तिथे फेरे मोजावे लागत नाहीत. पुढची कित्येक वर्षं आमच्याकडच्या शेवंतीला त्यांचा हात लागला. त्यांच्या दाराला वेगळा रंग द्यावा म्हणजे ओळखता येईल, अशी शिफारसही डॉक्टरांनी केली होती. लाल सुचवला होता. क्वार्टरं सांभाळणाऱ्या इस्टेट विभागाने पाच महिने विचार करून कळवलं की दारांच्या रंगात बदल करण्याची तरतूद नाही. प्रश्न दिल्याबद्दल मला लेखी समज मिळाली. ती फाइलमध्ये लावायचं काम माझंच होतं, ते मी व्यवस्थित केलं. डॉ. माथूरांनी मात्र प्रश्न बदलले.

दारं हिरवीच राहिली आणि भालूभाऊ घरोघर चहा पीत राहिले. हे आमच्या निवृत्तीपर्यंत चाललं. आम्ही भोपाळातल्याच अयोध्या नगरात लहानसं घर बांधलं होतं. क्वार्टर सोडायच्या आठवड्यात, सामान बांधायचं चाललेलं असताना, भालूभाऊ नेहमीसारखे आत आले, खोक्यांमधून वाट काढत खुर्चीत बसले आणि हाक मारली. मी चहा घेऊन बाहेर आले, बसा म्हणतील म्हणून थांबले. ते म्हणाले नाहीत. एक घोट घेतला आणि म्हणाले, "ताई, हल्ली तुमच्या चहात आलं कमी पडतं."

तुमच्या चहात! मी कप घेऊन तशीच उभी.

"भालूभाऊ, हे घर कुणाचं?"

"तुमचंच की."

"कधीपासून कळतंय तुम्हाला?"

ते ओशाळले. कपात बघत म्हणाले, "तीन-चार वर्षं झाली असतील. हळूहळू बसलं डोक्यात. फेरे अजून नाही जमत हो, दहाच्या पुढे घोळ होतो. पण घर कळायला लागलं." मग घाईघाईने, "तुम्ही सगळे इतक्या प्रेमाने चहा करता, म्हटलं एकदम सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून नाही बोललो."

मला हसावं की रडावं कळेना. तीन-चार वर्षं तो माणूस आमचं मन राखायला चुकत होता! आम्ही त्याच्यासाठी जे करत आलो तेच त्याने आम्हाला परत केलं, आणि आमच्याहून सफाईने केलं. मी ओळीत कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचे पाच कप बंद झाले असते.

अयोध्या नगरातल्या घराला आम्ही लाल दार लावलं. तिथे इस्टेट विभाग नाही. गृहप्रवेशानंतरच्या पहिल्याच गुरुवारी दोन बस बदलून, पत्ता लिहिलेला कागद हातात धरून, भालूभाऊ एकटे आले. चपला काढल्या, खुर्चीत बसले. मी आलं जास्त घालून चहा केला आणि बाहेर आले, तसे ते लगबगीने उठले.

"अरे ताई, तुम्ही कधी आलात? बसा ना!"

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. डोळे मिश्किल हसत होते.

मी बसले.